उजाडल्याशिवाय गाडी निघणार नाही

१८ नोव्हेंबर, मंगळवार. वडसा

भूपेश झोपला. गाडी चालवता चालवता!

क्षणभरच. पण मी त्याच्या मागच्याच सीटवर होते, वरच्या आरशात त्याचे डोळे दिसत होते, आणि ते मिटले. गाडी डावीकडं सरकायला लागली. मी त्याच्या खांद्यावर फाडकन चापट मारली. दचकला. गाडी सरळ केली. वर हसला!

"काही झालं त नाई ना बाई? पहाटंचं असंच होते."

असंच होते म्हणे! मागं सगळी मंडळी एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपलेली. तोंडावरचा रंगसुद्धा कुणी पुसलेला नाही. विदर्भातल्या ह्या झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर चालतं, हे कराडहून निघताना माहीत होतं. पण पडदा पडल्यावर लगेच जंगलातून परत वडशाला यायचं, आणि तेही नायकानं गाडी चालवत, हे कुणी सांगितलं नव्हतं. आमचा ड्रायव्हर मुखरू दिवाळीला पोंभुर्ण्याकडं गावी गेला तो धान कापणीत अडकला. तेव्हापासून हे असं. भूपेश रात्रभर गातो, तिसऱ्या अंकात मरतो, आणि मेलेला माणूस उठून गाडीला किल्ली मारतो.

झोप येत नाहीये. हात अजून झणझणतोय.

१९ नोव्हेंबर

श्रीहरीभाऊंना सांगितलं. कंपनी त्यांची, नाटकातला खलनायकही तेच. म्हटलं, गाडी मी चालवते.

"तुम्ही? स्कुटी नाई हाय ते बाई. बारा सीटची गाडी हाय."

लायसन्स समोर ठेवलं. कराडला पाच वर्षं शाळेची व्हॅन चालवली, सीझनपुरती सुट्टी काढून इथं नटी झालेय, सगळं सांगितलं. त्यांनी लायसन्स उलटंपालटं करून पाहिलं. "मंग पह्यले काऊन नाई सांगतलं?"

कुणी विचारलं होतं?

२१ नोव्हेंबर

ब्रह्मपुरीहून गफ्फारभाई आले. गाडी त्यांची. ताडोब्याला येणाऱ्या लोकांना, वऱ्हाडांना बिनड्रायव्हरची भाड्यानं देतात. आमच्याकडं सीझनभर. म्हणाले, वैनगंगेच्या पुलापर्यंत चालवून दाखवा. मी रिकामी गाडी काढायला लागले तर थांबवलं. सगळ्या कंपनीला आत बसवलं.

"रिकामी गाडी अन् भरेल गाडी, दोन अलग गाड्या हायत बाई. ब्रेक मारून पाहा, समजते."

खरंच की! शाळेची पोरं हलकी. इथं ब्रेक दाबला आणि गाडी आपली पुढंच चाललेली. पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर सोडायचं, तिथंच ठरवलं.

टपावर पडद्यांचे बांबू बांधलेले होते ते त्यांनी सोडायला लावले. "वर काहीच नाई पाह्यजे. सामान ट्रकात टाका. वर वजन गेलं का गाडी वळणावर डोलते, अन् मंग आडवीच होते." जंगलातलंही सांगितलं. उगाच हॉर्न नाही, समोर जनावर दिसलं की अप्पर लाइट नाही, उतरायचं तर नाहीच नाही. "अन् एक चितळ पार झालं म्हून गाडी दौडवू नका. एकटं नसते ते. मागून दुसरं येतेच."

चालवणारे म्हणून करारावर माझं आणि भूपेशचं नाव लिहिलं. जाताना म्हणाले, "गाडी माझी हाय बेटा. लेकिन जान तुमच्या हाती हाय."

मला 'बेटा' म्हणणारं इथं पहिलंच माणूस!

२४ नोव्हेंबर

सीटबेल्टवरून भांडण. मागच्या सीटचे पट्टे गादीखाली कोंबलेले. उकरून काढले, त्यासोबत शेंगदाण्याची टरफलं आणि कुणाचं तरी कानातलं निघालं. देवकाबाई तर बसेचनात. कंपनीतल्या सगळ्यात जुन्या नटी, माझ्याच खोलीत राहतात. "मले काऊन बांधून नेतेस वं? मी का चोर हाय?"

म्हटलं, "मी करकचून ब्रेक मारला तर तुम्ही थेट सोमाजीभाऊंच्या मांडीवर."

सोमाजीभाऊ आमचे ऑर्गनवाले. पुढं बसतात. मागं वळूनही न बघता म्हणाले, "बांध वं देवका, बांध. माह्या मांड्यांत आता ताकद नाई."

बांधला!

दाराशी कपड्यांची पेटी आडवी टाकलेली असते, तीही उचलायला लावली. दार उघडायलाच हवं. पेटीवर बसणाऱ्याची जागा गेली म्हणून तो रुसला. रुसू दे.

३० नोव्हेंबर, रविवार

आज ठिणगी पडलीच.

सिंदेवाहीच्या पलीकडं प्रयोग होता. पहाटे संपला. सगळे गाडीत जाऊन बसले. मी चादर घेऊन स्टेजवर आडवी झाले. मीही रात्रभर उभी होते. माझे डोळे कुठं लोखंडाचे आहेत?

श्रीहरीभाऊ आले. "चाला ना बाई."

"उजाडल्याशिवाय गाडी निघणार नाही."

"लोकं बसले हायत गाडीत!"

"त्यांनाही झोपायला बोलवा."

"बाई, गाडी मी भाड्यानं घेतली हाय. तुम्ही नाई."

"मग तुम्ही चालवा."

त्यांना चालवता येत नाही. खलनायकाच्या भुवया होत्याच तोंडावर, त्या आणखी वर गेल्या. भूपेश म्हणाला मी नेतो, पण उठताना त्याचाच तोल गेला. मग एकेक करून सगळे खाली उतरले. देवकाबाई पुटपुटत होत्या, "माह्या खाटेवर झोपली असती मी. हे कराडवाली कुठून आली बाप्पा." त्यांच्या अंगावर माझी दुसरी चादर टाकली.

उन्हं आली तेव्हा गावातल्या बाया चहा घेऊन उभ्या होत्या. आम्हाला स्टेजवर ओळीनं पडलेलं बघून खुदूखुदू हसत होत्या. परतीच्या वाटेवर सोमाजीभाऊ खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "इतके वर्षं ह्या रस्त्यानं येऊन राह्यलो. हे तलाव कधी पाह्यलंच नव्हतं."

४ डिसेंबर

दाट धुकं. अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं, भोवती दगड लावून. धान उचललं, दगड तिथंच! हळू होते म्हणून दिसले. उतरून भूपेशनं बाजूला केले.

११ डिसेंबर, गुरुवार

वाघीण!

नागभीडकडून येताना, चांगलं ऊन पडलेलं. पुढं तीन गाड्या थांबलेल्या, माणसं उतरून फोन वर धरून उभी. ती रस्त्याच्या कडेला बसलेली. पलीकडं जायचं होतं तिला, हे स्पष्ट दिसत होतं, आणि वाटेत ही सगळी जत्रा.

भूपेशनं दार सरकवलं. रील काढायची होती.

"दार."

एवढंच बोलले. त्यानं लावलं. मी सावकाश गाडी मागं घेतली, बरीच मागं, तिच्यापुढची वाट मोकळी होईल इतकी. काचा वर. इंजिन चालू. देवकाबाईंनी हात जोडले, हळूच म्हणाल्या, "जाय माय, जाय." ती उठली. आमच्यापुढून गेली. घाई नाही, काही नाही. शेपटीचं टोक तेवढं गवतावर हललं.

मग भूपेश बोलला. त्याच्या मामाला वाघानं नेलं. मोहफुलं वेचायला गेला होता. "अन् मी उतरून राह्यलो होतो बाई. रीलसाठी."

त्याच्याकडं बघितलं. पोरगा पंचविशीचाही नसेल.

१५ डिसेंबर

भूपेशला शिकवतेय. म्हणजे चालवायला नाही, ते येतंच त्याला, चांगलं येतं. थांबायला शिकवतेय. जाताना तो, येताना मी, असं ठरलं. ज्याला झोप येईल त्यानं मोठ्यानं सांगायचं. लाज नाही.

तो म्हणाला, "हीरोनं झोप येते म्हटलं त लोकं हासतीन."

"हसू दे. हसायला जिवंत तरी राहतील."

२१ डिसेंबर

ह्यांचा फोन. आमच्या लेकीच्या, ऋताच्या अभ्यासाचं, दुकानाचं, पंपाच्या जळलेल्या मोटारी भरायला कारागीर मिळत नाही त्याचं. मग हळूच, "नटी व्हायला गेलीस आणि तिथंही ड्रायव्हरच झालीस?" गमतीत म्हणाले. हसले मीही. फोन ठेवल्यावर मात्र लागलं थोडं.

२ जानेवारी

देवकाबाईंचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलू नका सांगितलं. "उंबऱ्याची आण" मधली आई त्या इतकी वर्षं करत आल्या, सगळं नाटक त्या आईवर उभं आहे. काल पाटीवर खडूनं लिहून दाखवलं: तूच कर.

मी नको म्हटलं. त्यांनी पाटी पुसली, पुन्हा तेच लिहिलं, मोठ्या अक्षरात!

१७ तारखेला पोंभुर्ण्याकडच्या एका गावात शंकरपट आहे. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री आमचं नाटक. पाच-सहा हजार माणूस येतं म्हणे.

५ जानेवारी

ऋता आणि हे येतायत! माझं नाटक बघायला. कराडहून रेल्वेनं नागपूर, पुढं एसटीनं ब्रह्मपुरी. ह्यांनीच स्वतः ठरवलं. मी काही म्हटलं नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार

दुपार. बाकी मंडळींबरोबर मी सामानाच्या ट्रकातून पुढं आलेय, नवीन स्टेजवर तालीम घ्यायची होती. गाडी भूपेश आणतोय. ब्रह्मपुरीहून सोमाजीभाऊ, ऋता आणि ह्यांना घेऊन. कालही प्रयोग होता, म्हणून त्याला सांगितलंय, निघण्याआधी झोप.

पटाच्या मैदानावर नुसती धूळ आणि आरोळ्या. माझे संवाद मलाच आठवत नाहीयेत.

१८ जानेवारी, रविवार

कुठून सुरुवात करू?

गाडी आलीच नाही. नाटकाची वेळ झाली, टळली. तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, घोंगड्या पांघरून माणसंच माणसं बसलेली. फोन लागेना. ह्यांचा नाही, भूपेशचा नाही. मूल गावाच्या पुढं जंगलात रेंज जाते, ते माहीत होतं. माहीत असून काय उपयोग! आईचं लुगडं नेसून, पांढरे केस लावून मी रंगपटाच्या दाराशी उभी. त्या रस्त्यावरचं प्रत्येक वळण मला पाठ आहे. डोळ्यांपुढून एकेक जात होतं. देवकाबाईंनी येऊन माझा हात धरला. बोलता येत नव्हतं त्यांना. धरून ठेवला, बस.

श्रीहरीभाऊ सारखे स्टेजवर जाऊन लोकांना थांबवत होते. लोक शिट्ट्या मारत होते, पण उठत नव्हते. मागून एक म्हातारा ओरडला, "अरे येऊ द्या त्याईले! आमाले कुठी जाचं हाय?"

मध्यरात्र उलटून गेल्यावर गाडीचे दिवे दिसले.

ऋता उतरली आणि मला घट्ट बिलगली. रंग पुसला जाईल म्हणाले तरी सोडेना. हे मागून उतरले. पँट मातीनं भरलेली. म्हणाले, "बांधावरून घसरलो." बाकी काही नाही. प्रवासानं दमले असतील. श्रीहरीभाऊ भूपेशवर तुटून पडले, पटाच्या मंडळींच्या देखत. "कुठी मेला होता? हजारो लोकं बसले हायत इथी!"

भूपेश खाली मान घालून म्हणाला, "झोप आली होती भाऊ. गाडी बाजूले घेऊन झोपलो."

मी मध्ये पडले. "त्यानं बरोबर केलं. मीच सांगितलंय तसं." आणि सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. त्यानं वर बघितलं नाही. सोमाजीभाऊ तोंड फिरवून ऑर्गनचं कापड सोडायला लागले.

मग नाटक. आठवणीत सगळं तुकड्या-तुकड्यानं आहे. पहिल्या अंकात आवाज कापत होता. दुसऱ्यात कापायचा थांबला. तिसऱ्यात, मुलाच्या प्रेताशी बसायचं होतं तेव्हा, उजाडलं. झाडांमागून ऊन आलं आणि सगळे दिवे फिके पडले. आतापर्यंत समोर नुसता अंधार असायचा. आज माणसं दिसली! घोंगडीत झोपलेली पोरं, तंबाखू मळणारे हात, पदर तोंडात धरलेल्या बाया. मागं पटाचे बैल घेऊन माणसं उभी होती, शर्यत सुरू करायची सोडून. भूपेश माझ्या मांडीवर मेलेला पडला होता, त्याच्या तोंडावर ऊन आलं, आणि रंगाखालचा त्याचा चेहरा मला दिसला. फार दमलेला. त्याच्या मिटल्या डोळ्यातून पाणी येत होतं. मेलेल्या माणसाच्या! मी पदरानं पुसलं. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या.

आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेत तणसावर मांडी घालून हे बसले होते. ऋताला जवळ ओढून. रडत होते. उघड, लपवायचं भान न ठेवता. लग्नाला सोळा वर्षं झाली, ह्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अभिनयानं!

मला काहीही देऊ नका आता. हे पुरलं.

२० जानेवारी

दोघं गेले. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर सोडायला मीच गाडी घेऊन गेले. हे मागच्या सीटवर बसून होते, ना चेष्टा, ना सूचना. एसटीत चढताना म्हणाले, "चांगली चालवतेस तू." मी म्हटलं, गाडी की नाटक? हे आत जाऊन बसले. खिडकीतून हात हलवत राहिले, एसटी वळेपर्यंत.

भूपेशनं आज गाडी धुतली. खालून, चाकांच्या आतूनसुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं!

२२ जानेवारी

देवकाबाईंचा आवाज परत आला. पहिलं वाक्य, "ते आई आता तुह्यीच." मी पाया पडले. पायांना तेलाचा वास येत होता.

२५ जानेवारी

ह्यांचा फोन. दुकानाचं शटर ओढून घेऊन बोलतोय म्हणाले.

"जया, त्या दिवशी भूपेश झोपला नव्हता. मी झोपलो होतो. गाडी मी चालवत होतो."

मूलच्या पुढं भूपेशनं गाडी कडेला घेतली. डोळे जड झालेत, थोडं पडतो, मग निघू, असं मोठ्यानं सांगितलं. ह्यांनी किल्ली मागितली. तो नको नको म्हणत होता. तुझं नाटक चुकेल म्हणून मी ऐकलं नाही, म्हणाले. दोन रात्रींचा प्रवास झालेला. गाडी रस्ता सोडून शेतात उतरली आणि बांधाला अडून उभी राहिली. पलीकडं विहीर होती. ट्रॅक्टर मिळेपर्यंत सगळे तिथंच अंधारात. भूपेशच म्हणाला, "बाईले आज काही सांगू नका. तिले स्टेजवर उभं राहाचं हाय. भाऊ मले बोलतीन त बोलू द्या."

"डोळे मिटले की ती विहीर दिसते, जया."

मी एवढंच विचारलं, ऋता कुठं बसली होती?

"पुढं. माझ्या शेजारी."

फोन बराच वेळ दोघांनीही ठेवला नाही.

खाली अंगणात भूपेश चाकातली हवा बघतोय. त्याच्याकडं जाते.